मशीनखालची बंडी

मी भित्री आहे. पालीला भिते, विजेला भिते, गाईच्या शिंगांना भिते. अवेळी फोन वाजला तर तो उचलेपर्यंत मनातल्या मनात अर्धे नातेवाईक पोचवून झालेले असतात. त्यामुळे घरात कपडे धुण्याची मशीन आली तेव्हा इतरांना आनंद झाला आणि मला धास्ती बसली.

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन काही वर्षं झाली होती. नवरा लाखनीला हायवेवरच्या एका दुकानात कामाला होता, आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. अशाच एका शनिवारी तो टेम्पोतून मशीन घेऊन उतरला. करडीकडच्या आमच्या गावात ती नवलाईची वस्तू होती, आसपासच्या बाया उगाच साखर मागायच्या निमित्तानं येऊन बघून गेल्या. दोन टबांची मशीन, एकात धुवायचं आणि दुसऱ्यात पिळायचं. मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, मोरीला लागून ती ठेवली.

पहिल्याच दिवशी तिनं रंग दाखवले. पाणी सोडायचा पाइप मोरीच्या काठापेक्षा खाली येत होता, त्यामुळे साबणाचं पाणी मोरीत जायचं नावच घेईना. ते सगळं सपरीत पसरलं. त्या पाण्यात मी अनवाणी उभी, डोळ्यांसमोर मशीनची वायर आणि शेजारी माझी लहान मुलगी पाण्यात थपथप नाचतेय. माझी बोबडीच वळली. तिला उचलून मी जी अंगणात पळाले ती नवऱ्यानं बटण बंद करेपर्यंत आत आले नाही. त्यानंतर मी मशीनचं बटण भात ढवळायच्या लाकडी चाटूनं दाबायला लागले.

सासऱ्यांना याची फार गंमत वाटायची. त्यांना मी मामाजी म्हणते. काहून भेते तू एवढी, मशीन हाय, वाघ थोडीच हाय, असं ते रोज एकदा तरी म्हणायचे आणि मी रोज एकदा तरी चिडायचे. पण मशीन उंचावर ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही हे त्यांनाही पटलं होतं. मला विटांचा ओटा हवा होता. मामाजी म्हणाले, ओटा लाकडाचाच करायचा, लाकडातून करंट जात नाही. त्यांनी बरोबर माझी दुखरी नस धरली होती. मी लगेच हो म्हटलं.

लाकूड घरचंच होतं. अंगणात मोहाच्या झाडाखाली त्यांची जुनी बंडी पडून होती. बैल कधीच विकले होते, चाकं कोणीतरी मागून नेली होती, पण वरचा सांगाडा मामाजी कोणाला हात लावू देत नसत. एका पावसाळ्यात ओली लाकडं पेटेनात म्हणून मी तिच्यातली एक फळी काढायला गेले, तर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या. त्या माणसाकडे त्यांची आठवण म्हणून दागिना नव्हता, धड फोटो नव्हता. ही बंडी होती. दर वर्षी दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, ते त्यांना तिच्यातून न्यायचे. तीच बंडी त्यांनी सुनेचे कपडे धुवायच्या मशीनसाठी उकलायला काढली, तेव्हा खरं तर मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, राहू द्या, आपण सागाचं लाकूड आणू. ते म्हणाले, पडून पडून वाळवी खाईन तिले, त्यापेक्षा घरात राहीन.

मग काम सुरू झालं. जाड दांड्यांचे चार पाय झाले. त्यांना खालून-वरून आडवे तुकडे ठोकले आणि वर फळ्या बसवल्या. पायांखाली जुन्या चपलांचे रबराचे तुकडे लावले. तयार झालेला ओटा डुगडुगतो का, हे बघायला त्यावर धानाची दोन पोती ठेवली आणि मला म्हणाले, आता तू पण बस. मी अर्थातच बसले नाही. मुलगी बसली.

माझी एकच अट होती, खाली कपाट पाहिजे. साबणाची पावडर, नीळ, जुन्या चादरी, सगळं सपरीत उघड्यावर असायचं आणि कोंबड्या त्यात शिरून अंडी घालायच्या. मामाजींनी तिन्ही बाजूंनी फळ्या मारल्या, पाइपासाठी मागं फट ठेवली आणि पुढं एक दार बसवलं. दाराच्या वरच्या पट्टीवर एका खिळ्यावर फिरणारी लाकडी खिटी ठोकली. खिटी वर फिरवली की दार उघडायचं, खाली पाडली की दारासमोर आडवी यायची. कोंबडीसाठी तेवढं पुष्कळ होतं.

हे चाललेलं असताना मुलगी त्यांच्याजवळून हलत नसे. तेव्हा तिला चौथं लागलं होतं. ही फळी कोणती, तो दांडा कोणता, असं तिचं अखंड चालायचं आणि मामाजीही हातातलं काम थांबवून सांगत बसायचे. इथं तणस अंथरायचं. इथं तुझी आजी बसायची, डोक्यावरून पदर घेऊन. रस्ता असा खडबडीत की बंडी नुसती हादरत जायची, आणि आजी जी झोपायची ती थेट मंडई आल्यावरच उठायची. मुलीच्या डोक्यात ते पक्कं बसलं. ओट्याला ती बंडीच म्हणायला लागली. मशीन फिरायला लागली की ओटा थरथरायचा, आणि ती टाळ्या पिटून सांगायची, बंडी निघाली. ओट्याच्या पायाला गच्च धरून उभी राहायची. मी धावत जाऊन तिला ओढून काढायचे, कारण माझ्या डोक्यात फक्त करंट होता. खिटीला भ्यावं असं माझ्यासारखीच्याही मनात आलं नाही.

दिवाळी झाली. हलकं धान निघालं होतं, अंगणभर वाळत घातलं होतं. आमच्या गावची मंडई चार दिवसांवर आली होती. घरामागे थोड्याच अंतरावर बोडी आहे, म्हणजे शेताला पाणी देण्यापुरतं लहानसं तळं. त्या वर्षी ती काठोकाठ भरलेली होती आणि शिंगाड्याच्या वेलांनी वरून हिरवीगार झाली होती. पाणी कुठं संपतं आणि काठ कुठं लागतो, हे मोठ्या माणसालाही कळू नये अशी. त्या दिवशी सकाळपासून मुलीनं शिंगाड्यांसाठी भुणभुण लावली होती आणि मी दुपारी आणू म्हणून तिला वाटेला लावलं होतं.

मी मशीनमध्ये कपडे टाकले. कपाटातून पावडर काढली, चाटूनं बटण दाबलं आणि पुढच्या अंगणात धान खालीवर करायला गेले. मामाजी तिथंच खाटेवर दोरी वळत होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की पोरगी गप्प आहे. आमच्या घरात ती गप्प असणं म्हणजे काहीतरी सांडलेलं असणं. मी आतून फिरून आले. नाही. मामाजींना विचारलं, पोरगी कोठी हाय?

ते म्हणाले, "तुह्याजवळ नाही काय? मले वाटलं तुह्याजवळ हाय."

धानाच्या पोत्यांमागे पाहिलं, खाटेखाली, न्हाणीत, संडासात पाहिलं. सपरीत मशीन घरघरत होती. कपाटाची खिटी खाली पडलेली होती, दार बाहेरून बंद. त्यामुळे तिकडे मी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही, कारण आत बसून बाहेरची खिटी कोण लावणार? शेजारच्या घरात गेले, त्यांच्या शेजारी गेले. आणि मग मला शिंगाडे आठवले.

बोडीकडे मी कशी पोचले ते आठवत नाही. पाण्यावर वेल दाट पसरलेले होते आणि एका जागी ते फाकून मधलं काळं पाणी दिसत होतं. ती जागा सकाळी शिंगाडे तोडणाऱ्यांनी केलेली असेल, बदकानं केलेली असेल. मला ती माझ्या मुलीएवढी दिसली. मी किंचाळले की नाही माहीत नाही, पण माणसं जमली. पुरुष पाण्यात उतरले, हातात हात धरून रांगेनं चालायला लागले, पायांनी तळ चाचपत. ढिवरांपैकी एक काका घरून जाळं घेऊन आले. एरवी त्यांनी जाळं फेकलं की पोरं काठावर नाचायची. त्या दिवशी जाळं हवेत उघडलं आणि सगळा काठ गप्प झाला. जाळं ओढताना मी डोळे मिटून घ्यायचे. त्यात वेल आणि चिखल आला की श्वास सोडायचे आणि लगेच ते पुन्हा फेकायला निघायचे.

मामाजी पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, बसले होते, पाण्याकडे पाठ करून. त्यांना कोणी पाणी प्यायला दिलं, तो गिलास तसाच हातात होता.

शेजारची मावशी माझ्या जवळ आली. वयस्क बाई, गावातल्या बाळंतपणाला आणि मर्तिकाला सगळ्यात आधी पोचणारी. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "घरून एक चादर आन, माय."

कशाला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं. आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींना भ्याले त्या सगळ्या एकीकडे आणि चादर हा एक शब्द एकीकडे. मी उठले. वाटेत मी एकच विचार करत होते, की नवी चादर घ्यायची की जुनी. एवढंच डोक्यात होतं. नवीची तिला सवय नाही, टोचेल तिला. जुनी, मऊ झालेली, फुलाफुलांची होती. ती घ्यायची.

जुन्या चादरी मशीनखालच्या कपाटात होत्या.

सपरीत शांत होतं. मशीन कधीचीच थांबली होती. मी ओट्यासमोर जमिनीवर बसले, खिटी वर फिरवली, दार ओढलं आणि चादरीसाठी आत हात घातला. हाताला काहीतरी उबदार लागलं. केस लागले.

चादरींच्या घडीवर ती अंगाचं मुटकुळं करून झोपली होती. घामानं कपाळाला केस चिकटले होते, मुठीत निळीची बाटली. मी हलू शकले नाही, मला वाटलं हलले तर हे खरं राहणार नाही. तिच्या नाकापुढं बोट धरलं. मग तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंडई आली काय?"

पावडर काढल्यावर मी खिटी वरच ठेवली होती. पोरगी बंडीत बसली, दार ओढून घेतलं, बंडी हादरायला लागली आणि त्या हादऱ्यानं सैल झालेली खिटी खाली पडली. तिला काय, आजी झोपायची तशी तीही झोपली.

"आली," मी म्हटलं. "आली माय, उतर आता."

तिला कडेवर घेऊन मी बोडीवर गेले. मी नुसती धावत होते, हाक मारायचं सुचलंच नाही, त्यामुळे पाळीवर चढेपर्यंत कोणाला कळलं नाही. ढिवर काकांनी जाळं खांद्यावर घेतलं होतं, ते तसंच घेऊन ते पाण्यातच खाली बसले. मावशीनं पदर तोंडाला लावला. मामाजींनी मान वळवली नाही. लोक ओरडत होते, सापडली, सापडली, आणि सापडली म्हणजे काय हे बघायची त्या माणसाची हिंमत होत नव्हती. मी तिला त्यांच्या मांडीत ठेवलं. त्यांनी आधी तिचे पाय हातात धरले आणि ते कोरडे आहेत का, हे चाचपून पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा न पिता हातोडी काढली. खिटी उपटली, दार उपटलं, दोन्ही चुलीत घातलं. ज्या बंडीची एक फळी मी जाळायला निघाले म्हणून दोन दिवस अबोला धरला होता, तिचं लाकूड जळेपर्यंत ते चुलीसमोर बसून होते. पोरगी कोठी हाय म्हणून मी विचारलं तेव्हा त्यांनी मला दिलेलं उत्तर ते पुन्हा पुन्हा पुटपुटत होते. मी म्हटलं, मलाही तेच वाटलं होतं, तुमच्याजवळ आहे. मंडईला त्या वर्षी तिला खांद्यावर बसवून त्यांनीच नेलं, आणि परत येईपर्यंत खाली उतरवलं नाही.

आता ते नाहीत. मुलगी नागपूरला नोकरीला आहे. मशीन दोनदा बदलली, ओटा तोच आहे, खालच्या कपाटाला दाराऐवजी पडदा. नवी मशीन आपोआप सगळं करते, पाण्यानं सपरी भरत नाही, विजेची भीतीही गेली. बटण मी बोटानं दाबते. पण दाबण्याआधी खाली बसते, पडदा सारते आणि चादरींच्या मागेपर्यंत हात घालून बघते.

सुट्टीत आली की मुलगी हसते मला. आई, मी इथं उभी आहे ना, म्हणते. मी म्हणते, हो, दिसतेय. आणि तरी हात घालते.