साहेबांचं ऑर्किड आणि माझी परडी

आता ही फजिती कोणत्या तोंडानं सांगू! पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

साठ-एकसष्टची गोष्ट. बंगळूरला बसवनगुडीत राहायचो आम्ही. कारखान्यातले मोठे साहेब पंधरा दिवस दिल्लीला निघाले. त्यांच्याकडे एक ऑर्किड होतं, थेट दार्जिलिंगहून आणलेलं. एका दांडीवर पाच पांढरीशुभ्र फुलं, पंख पसरून बसलेले पतंगच जणू! परत आल्यावर ते लालबागच्या प्रदर्शनात मांडायचं होतं. आणि मी जेवणाच्या सुट्टीत कधीतरी ठोकून दिलं होतं, की माझ्या हाताखाली वाळकी काठीसुद्धा पालवते. झालं! कुंडी माझ्या गळ्यात.

"माती घालू नकोस, कोळशातच राहू दे. ऊन नको. पाणी आठवड्यातून एकदा. आणि फुलांना हात लावायचा नाही!" साहेबांनी बजावलं.

जावयासारखी जपली हो मी ती कुंडी! व्हरांड्याच्या सावलीत ठेवली, शेजारच्या गिरिजाक्कांच्या कुंपणापासून लांब. अक्का रोज सकाळी परडी घेऊन गल्लीभर पूजेची फुलं तोडत. मीही तोडायचो, पण ते सोडा.

अकराव्या दिवशी कामावर निघालो, चष्मा चढवला, बघतो तर काय? नुसती दांडी!

"अक्का! तोडलीत ना फुलं?"

"अय्यो, कुठली फुलं?"

"साहेबांची! पाचच्या पाच! फुलं कसली, माझी नोकरी होती ती!"

"स्वल्प थांबा, अण्णा." अक्कांनी पदर खोचला. "चला तुमच्याच देवापुढं. शपथ घेऊन सांगते."

निघाली वरात! पुढे अक्का, मागे मी, माझ्यामागे बायको आणि अर्धी गल्ली. अक्कांनी देव्हाऱ्यापुढे हात केला आणि तसाच थांबवला.

"अण्णा, आज पूजा कुणी केली?"

"मीच. का?"

गणपतीच्या डोक्यावर एक, खांद्यांवर दोन, पायाशी दोन. साहेबांचे पाचही पतंग!

काय करणार? आंघोळीनंतर डोळ्यांवर चष्मा नाही, ओठांवर स्तोत्र, हातात परडी. वीस वर्षांची सवय! पांढरं दिसलं की हात आपला आपण पुढे. आणि वर मनात म्हणालोही होतो, आज तगर काय पोसलीय!

चार दिवसांनी साहेब आले. फुलं अजून टवटवीत, म्हणून बायकोनं ती निर्माल्यात काढलीच नव्हती. साहेब बूट काढून आत आले. गणपतीपुढे वाकून पाचही फुलं मोजली.

"प्रदर्शन झकास भरलंय," एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी ऑर्किड पुन्हा फुललं आणि साहेब पुन्हा दौऱ्यावर निघाले. या खेपेला कुंडी गेली अक्कांकडे! सूचना मला कुंपणाआडून ऐकू आल्या.

"माती नको, ऊन नको, पाणी आठवड्यातून एकदा. आणि शेजारी आंघोळ करून बाहेर आले, की कुंडी आत घ्यायची!"