वाकडा पाव

माझ्या सासूबाई मला काहीच बोलत नाहीत, अशी तक्रार मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत केली, तेव्हा डबा खाणाऱ्या बाकीच्या बायकांनी घास हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. एकीने विचारलं, कुठल्या देवाला नवस केला होतास. तिच्या सासूबाई तिने लावलेल्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजतात. दुसरी म्हणाली, सुख दुखतंय तुला. मी डबा संपवला.

पण मला खरोखरच काळजी लागली होती. सासूबाई मंद्रूप गावच्या. तिथल्या घरात त्या एकट्या राहायच्या आणि त्यांच्या तोंडाला सगळी गल्ली वचकून असायची. सणावाराला मी तिथे गेले की चप्पल काढून आत येईपर्यंत माझी पहिली चूक सापडलेली असे. एकदा माझी भाकरी त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि म्हशीला घातली. म्हशीनेही जरा विचार करून खाल्ली. मग त्या अंगणात पाय घसरून पडल्या, पायाला प्लास्टर बसलं, आणि माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, त्यांना सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. आमच्या उंबऱ्याच्या आत आल्यापासून त्यांनी नावं ठेवणं बंद केलं.

त्या आमच्याकडे पाहुण्यासारख्या राहू लागल्या. पंखा लावू का, असं विचारायच्या. पाणी हवं असलं की काठी टेकत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या, आत पाऊल टाकायच्या नाहीत. लुगड्यांची पिशवी कॉटखाली गाठ मारून ठेवलेली असायची. लागेल तेवढं काढायचं आणि पुन्हा गाठ मारायची. मला अहो-जाहो करायच्या. आणि मी पुढ्यात काहीही ठेवलं तरी खाऊन झाल्यावर त्यांचं एकच वाक्य असायचं, ‘‘बरं हाय की.’’

पोह्यांना बरं हाय, चुरमुऱ्यांच्या सुशीलाला बरं हाय, करपलेल्या उपम्यालाही बरं हाय. एकदा आमटीत मीठ घालायचं राहिलं. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीने वाटी लांब सरकवली, नवऱ्याने मुकाट्याने मिठाची बरणी ओढली. सासूबाईंनी वाटी पुसून खाल्ली आणि बरं हाय की म्हणाल्या. मी नवऱ्याला बाल्कनीत नेऊन विचारलं, आत्यांची तब्येत ठीक आहे ना? आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे. तो म्हणाला, तब्येतीला काही झालेलं नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसलं की नावं ठेवायची नाहीत, हा तिचा नियम आहे. लहानपणी कुणाच्या तरी बारशाला तो लाडू टणक आहे म्हणाला होता, तर घरी येईपर्यंत त्याची पाठ लाल झाली होती.

म्हणजे आमचं घर त्यांच्या लेखी दुसऱ्याचं होतं. ते मला लागलं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. माझी भाकरी उजेडात धरून पाहणारी बाई माझ्या आयुष्यात ही एकच, आणि तीही आता गप्प झाली होती. त्यांनी इथेच राहावं असं मला फार वाटत होतं, पण पाहुण्याला राहा म्हटलं की तो आणखीच पाहुणा होतो.

त्याच सुमारास मुलीला क्रॉसाँचं वेड लागलं. आमच्या चौकातल्या नव्या बेकरीत तो मिळू लागला होता. लोण्याचे पापुद्रे असलेला, दोन्ही टोकं आत वळवलेला मऊ पाव. मुलीचं म्हणणं, रविवारी नाष्ट्याला याचंच गरम सँडविच करायचं. मोबाइलमध्ये दाखवत होते त्यात आत अंडं होतं. आमच्यात अंडं चालत नाही, म्हणून मी अंड्याच्या जागी बेसनाचं पातळ धिरडं घडी घालून ठेवलं. पाव आडवा चिरायचा, आत धिरडं, चीज, टोमॅटोच्या चकत्या आणि शेंगाचटणी, मग मंद आचेवर झाकण ठेवून चीज विरघळेपर्यंत गरम करायचा. शेंगाचटणी मोबाइलमध्ये नव्हती. पण सोलापुरात ती कशात घालायची आणि कशात नाही, हा प्रश्न कुणी काढत नाही.

खरं सांगायचं तर यात माझा डाव होता. मऊ, तुपकट, गोडसर आणि वाकडा, शिवाय खाताना अंगभर चुरा सांडणारा, असा पाव पाहून तरी त्या काही बोलतील. सासूबाईंनी सँडविच दोन्ही हातांनी धरून खाल्लं. लुगड्यावर सांडलेले पापुद्रे एकेक करून टिपले. नातीला विचारलं, ह्यो वाकडा पाव कुटं मिळतो. नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, बरं हाय की. माझी शेवटची आशा संपली.

मग प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी बजावलं, आजी, आता एकटं राहायचं नाही. त्यांनी डॉक्टरांनाही बरं हाय म्हटलं आणि घरी येऊन मंद्रूपला पुतण्याला फोन लावला, रविवारी टेम्पो घेऊन ये म्हणून. नवऱ्याने एकदा राहा म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘‘पावण्यानं किती दिस ऱ्हायाचं?’’ अंगण तसंच निसरडं आहे, शेजारचं घर बंद असतं, पुतण्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, पुन्हा पडली तर कळणार कुणाला, हे सगळं तो रात्रंदिवस मला सांगत राहिला. आईला सांगायची त्याची छाती नव्हती.

निरोपाच्या नाष्ट्याला वाकडा पावच करायचं ठरलं, पुतण्याही येणार होता. शनिवारी संध्याकाळी मी बेकरीतून दोन पाकिटं आणली आणि ओट्यावर ठेवली. रात्रभर प्लॅस्टिकमध्ये राहून ते आणखीच मऊ आणि दमट झाले असणार. सकाळी तव्यावर गरम करू म्हणजे ठीक होतील, असा माझा हिशेब होता.

सकाळी मला वासाने जाग आली. वास भाजण्याचा होता. तशीच उठून गेले तर सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. अगदी आत. स्टुलावर बसलेल्या, काठी सिलिंडरला टेकवलेली, आच बारीक, तव्यावर एक क्रॉसाँ, आणि त्याच्यावर फडक्याची घडी धरून त्या सगळा भार देऊन दाबत होत्या. आमच्याकडे कडक भाकरी अशीच करतात. पातळ भाकरी तव्यावर फडक्याने दाबत दाबत इतकी भाजायची की तिच्यात पाण्याचा अंश उरत नाही. मग ती आठवडेच्या आठवडे टिकते आणि मोडली की आवाज येतो. बाजूच्या ताटात बाकीचे सगळे क्रॉसाँ होते. सपाट, तांबूस, एकावर एक रचलेले. पापुद्रे कुठे राहिले नव्हते.

मला पाहून त्यांनी तोंड उघडलं.

‘‘ह्ये काय आणलंस गं? समदं वलं हाय, हात लावला की लोणी लागतंय. असलं माज्या पुतण्याम्होरं ठिवनार व्हतीस?’’

मी म्हटलं, आत्या, ते मऊच असतं.

‘‘मऊ हाय म्हंजी भाजलं न्हाय. तुला सांगून सांगून माजं तोंड दुकलं, दाबल्याबिगर कडक हुत न्हाय. येवडी शिकलीस, पर तव्याम्होरं घटकाभर हुबं ऱ्हायाला तुज्या जिवावर येतंय.’’

आणि मग बांध फुटला. तव्याचा दांडा ढिला आहे. मिठाची बरणी उजव्या हाताला हवी, ती डावीकडे आहे, म्हणूनच त्या दिवशी आमटी अळणी झाली होती. उपमा करपला होता आणि वर कोथिंबीर टाकून मी तो लपवला होता. शेंगाचटणी मिक्सरमध्ये फिरवलेली आहे, कुटलेली नाही, हे त्यांना पहिल्याच घासाला कळलं होतं. धिरडं जाड होतं. पोह्यांचं तर त्या नावच काढणार नव्हत्या, आणि मग बराच वेळ पोह्यांबद्दल बोलल्या. आल्या दिवसापासूनचं सगळं त्यांनी जपून ठेवलेलं होतं. मी फ्रीजला टेकून ऐकत होते. मला रडू आलं आणि ते त्यांच्या लक्षात आलं. लागट बोलले का, असं त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाल्या, डोळं पूस आणि दही काढ.

पुतण्या आला, तेव्हा सगळे टेबलाशी बसून कडक क्रॉसाँ शेंगाचटणी आणि दह्याशी खात होते. मुलीने आधी ताटाकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरात कुणी तरी गेलं आहे. मग तिने एक मोडला, आवाज ऐकला आणि दुसरा घेतला. क्रॉसाँ म्हणून ते वाया गेले होते, भाकरी म्हणून चालून गेले. पुतण्याने तीन खाल्ले आणि हात धुऊन म्हणाला, चला काकू, ऊन व्हायच्या आत निघू.

सासूबाईंनी उरलेले क्रॉसाँ फडक्यात बांधले आणि ती पुरचुंडी त्याच्या हातात दिली.

‘‘पोरांस्नी दे. आठ दिस टिकत्यात. म्हनावं, आमच्या सोलापूरच्या घरचं हाय.’’

तो पुरचुंडी घेऊन उभाच राहिला. तुमची पिशवी कुठंय, त्याने विचारलं.

‘‘मी कशी येऊ? हिला अजून भाजता येत न्हाय. माज्या पोराचं हाल हुतील की.’’

नवरा मान खाली घालून ताटातला चुरा गोळा करत बसला. पुतण्या एकटाच गेला. टेम्पोचा आवाज कोपऱ्यावरून वळला, तशा सासूबाई उठल्या, काठी टेकत स्वयंपाकघरात गेल्या आणि मिठाची बरणी उजवीकडे ठेवली. कॉटखालची पिशवी त्या दिवशी संध्याकाळी सुटली आणि नातीच्या कपाटातला पसारा पाहून तिलाही दोन शब्द ऐकावे लागले.

तेव्हापासून दर रविवारी आमच्याकडे वाकडा पाव असतो आणि सासूबाई मला तो भाजायला शिकवतात. मी आच मोठी ठेवते. फडकं पातळ घेते, नको तिथे दाबते, मधेच हात काढते. त्या कपाळाला हात लावतात आणि तवा आपल्याकडे ओढून घेतात. परवा मुलगी म्हणाली, आई, यात एवढं अवघड काय आहे, सरक, मी दाखवते तुला.

मी तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.