गोड पाणी

गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून सोबत चालू लागले. आई वर्ध्याच्या फलाटावर डोळे पुसत उभी होती, आणि बाबांना स्लॅबची पडली होती. "स्लॅबले पानी कोन्तं घेऊ?" त्यांनी विचारलं. मी ओरडून सांगितलं, "खारं नको, बाबा! गोड पाणीच घ्या!" मग इंजिनाची शिटी झाली.

आमचं घर नालवाडीला. पुढच्या खोलीत बाबांचं किराणा दुकान, मागे त्यांनी एक नवी खोली काढलेली. मी बायको-मुलांना घेऊन परत येईन तेव्हा राहायला. तिच्यावर कौलं नकोत, सिमेंटचा स्लॅब हवा, असा त्यांचा हट्ट. मुलगा सिमेंटचा इंजिनिअर, तर घरावर कौलं कशी? आवारातली विहीर खारी होती. मिठाने आतली सळई गंजते, म्हणून मी ते बजावलं.

मी निघालो होतो दूर उत्तरेकडच्या एका परदेशी बंदरात, जिथे हिवाळ्यात दोरखंडसुद्धा गोठून काठीसारखे ताठ होतात. काम होतं धक्क्याच्या काँक्रीटचे खांब का फुटतात ते पाहण्याचं. खांबाचा सदा पाण्यात बुडलेला भाग बराच शाबूत असतो, सदा वर राहणाराही टिकतो. फुटतो तो मधला पट्टा. भरतीला भिजतो, ओहोटीला उघडा पडतो. मुरलेलं पाणी गोठून फुगतं, पापुद्रे सुटतात, मीठ सळईपर्यंत पोचतं, आणि गंज फुगला की काँक्रीट आतून तडकतं. उपाय म्हणजे काँक्रीट घट्ट हवं आणि सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, जाड. वर्ध्याला इंचभर पुरेल तिथे आम्ही अडीच-तीन इंच धरत होतो. आणखी एक नियम मी तिथल्या मजुरांच्या मागे लागून पाळायला लावी: चहाची साखर मिक्सरजवळ आणायची नाही. थोडी साखर मिसळली तरी सिमेंट धरत नाही.

बायको-मुलं वर्षभराने तिकडे आली. मुलं हीटरपाशी बसून आजीला पत्रं लिहीत, निम्मे शब्द तिकडचे. बाबांच्या उत्तरात सगळ्यांची खुशाली असे. खोलीबद्दल अक्षर नसे. मीही विचारलं नाही. झाली असेल, असं धरून चाललो.

तीन वर्षांनी रजेवर आलो. नव्या खोलीवर टिनाचे पत्रे होते. कोपऱ्यात काळपट काँक्रीटचा ढीग. मी एक खडा उचलला, तो बोटांत भुगा झाला.

"स्लॅब?" मी विचारलं.

आईच म्हणाली, "तूनंच तं सांगतलं होतं, गोड पानी घ्या म्हून. यायनं दुकानातल्या गुळाच्या चांगल्या भेल्या फोडून पान्यात कालवल्या. चिकीचा गूळ, साधा नाई."

स्लॅब घालणाऱ्या शंकर मिस्त्रींची हयात चुन्याच्या कामात गेली होती. चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालतातच. निरोप ऐकून ते खूशच झाले म्हणे: "म्हंजे शिमीटबी चुन्यावानीच! मी म्हनतच होतो." स्लॅब धरेना. महिनाभर टेकू ठेवले. टेकू काढले त्या दुपारी सगळं खाली बसलं. नशीब, आत कोणी नव्हतं.

तेवढ्यात शेजारचे काका कुंपणावरून डोकावले. "काऊन गा इंजनेर, शिरा पाह्यला काय बापाचा? आमी तं वाटीच घेऊन येनार होतो!"

बाबा त्यांच्यासोबत हसले. म्हणाले, "त्याच्याकडं काई दोस नाई. गाडीची शिटी झाली, मले बरोबर आयकू नाई आलं."

त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. शिटी माझं वाक्य संपल्यावर झाली. मी पुस्तकातला शब्द फेकला, आणि माझ्यावरच्या विश्वासापायी त्यांनी तो गुळासकट पाळला. गावाने तीन वर्षं त्यांची थट्टा केली, ती त्यांनी स्वतःच्या कानावर घेतली आणि मला पत्रातून कळूही दिलं नाही. परक्या समुद्रातल्या सळयांना किती कव्हर लागतं ते मला माहीत होतं. माझ्या चुकीवर कोण पांघरूण घालून बसलं आहे, हे माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मला त्यांच्याकडे पाहवेना.

रजा संपली. पुन्हा तोच फलाट. या वेळी बाबांनी गाडी येण्याआधीच विचारलं, "आता नीट सांग. पानी कोन्तं?"

"आपण पेतो थेच, बाबा."

"मंग तवाच तसं सांगाचं ना, लेका!"

स्लॅब पुन्हा घातला गेला. धरला. तिथे ना समुद्र, ना बर्फ. इंचभर कव्हरवर तो माझ्या सगळ्या खांबांहून जास्त टिकेल. तुमच्यातले जे माझ्यासारखे घर सोडून निघून गेले, ते विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं? मी त्या स्लॅबचं नाव घेतो, आणि मान खाली जाते. त्याच्याखाली मी अजून एकदाही झोपलेलो नाही.