लेकीसाठी स्कीची जोडी

मी मुलीला जाणूनबुजून चुकीची स्की निवडून दिली होती. हे लिहायला लाज वाटते, पण नाही लिहिलं तर पुढचं सगळंच खोटं ठरेल.

आमची एकुलती एक मुलगी काही वर्षांपूर्वी शिकायला म्हणून कॅनडात गेली आणि शिक्षण संपल्यावर तिथंच नोकरीला लागली. इकडे टोकावड्याला आम्ही दोघंच. मी मुरबाडच्या एका शाळेत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात भातशेती. बायको माहेरची खर्डीकडची, शेतीत माझ्यापेक्षा पक्की. मुलगी निघाली तेव्हा मी तिला एकच गोष्ट बजावली होती, "तिथं विकत काय घेऊ नको. सगळं भाड्यानं घे. येताना ओझं नको."

आमच्याकडे याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दारात बैल असायचे त्या काळी गावात कायमचा राहणाराच स्वतःची जोडी घ्यायचा. ज्याच्या मनात गाव सोडायचं असे, तो दुसऱ्याचं औत भाड्यानं आणून लावणी उरकायचा. एखाद्याच्या गोठ्यात नवी जोडी आली की गाव समजून जायचं, हा आता हलत नाही. तोंडानं कुणी सांगत नसे आणि विचारतही नसे.

मुलगी शब्दाला पक्की. खोली भाड्याची, सायकल भाड्याची. पुढे बर्फावर घसरायला शिकली तीही भाड्याच्याच स्कीवर. रविवारच्या फोनवर तिच्या तोंडून 'भाड्याची' हा शब्द आला की मला बरं वाटायचं. येणार, मी मनात म्हणायचो. बायकोला कधी बोललो नाही. तिनं मलाच वेड्यात काढलं असतं.

गेल्या वर्षी भात झोडून घरात आल्यावरचा एक रविवार. दिवाबत्ती झाली होती आणि आम्ही ओटीवर बसलो होतो. मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे सकाळ होती, आणि ती एका दुकानात उभी होती. मागे भिंतीला रंगीबेरंगी लांब पट्ट्या ओळीनं टेकवलेल्या.

"बाबा, स्की घेतेय. विकत. दोन जोड्या बाजूला काढल्यात. कुठली घेऊ, तुमी सांगा."

मी घाईघाईनं विचारलं, "भाड्यानं मिळत नाय काय आता?"

"मिळते ना. पण मला पार्कात जायचंय, तिथली स्की वेगळी असते."

पार्क म्हणजे काय तेही तिनं सांगितलं. डोंगराच्या उतारावर बर्फाचे मुद्दाम उंचवटे करतात, लोखंडी दांडे रोवतात. उंचवट्यावरून उडी मारायची, दांड्यावरून घसरत जायचं. उडीत गिरकी घेतली तर पाठमोरं उतरावं लागतं, म्हणून या स्कीची मागची टोकंही पुढच्यासारखी वर वळलेली.

"लावणीच्या चिखलात फळीवर उभी राहायचीस, ती काय पाठमोरी चालायची?" मी खेकसलो.

ती खळखळून हसली. "बाबा, त्या फळीवरच तर सवय लागली."

खरंच होतं. चिखल सारखा करायला बैलांच्या मागे फळी जोडायचो, तेव्हा वजनासाठी मीच तिला वर उभी करायचो. सात-आठ वर्षांची असेल. दोर धरून, गुडघे वाकवून, अंगभर चिखल घेऊन ती बांधापासून बांधापर्यंत जायची आणि मी बाजूनं धावायचो. घसरण्याचं वेड मीच लावलं, मग आता कुणाला बोलणार?

तिनं दोन्ही जोड्या फोनसमोर धरल्या. एक तिच्या नाकापर्यंत येणारी, दाबली की मधे जरा वाकणारी. दुसरी डोक्याच्याही वर जाणारी, कडक. दोन्ही तिनं जमिनीवर टेकवून दाबून दाखवल्या.

मला एका नजरेत कळलं. कावडीची काठी निवडण्यात माझा जन्म गेला. बांबू गुडघ्याला लावून ओढायचा. जो वाकून पुन्हा सरळ होतो तो घ्यायचा. न वाकणारा खांदा सोलून काढतो. उडी मारून उतरायचं तर वाकणारीच स्की हवी, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"लांब घे," मी म्हणालो. "कडक. टिकंल ती."

माझ्या मनात काय होतं तेही सांगतो. कडक स्कीवर ती पडेल, वैतागेल, तो पार्क सोडेल. मग बर्फ नको होईल, थंडी नको होईल, आणि ती घरी येईल. बाप असून मी तिच्या पडण्यावर भिस्त ठेवली.

तिनं लांब जोडीकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "बरं बाबा," आणि फोन बंद झाला.

बायको माझ्याकडे बघत होती. "तुमी पोरीला चुकीचा का सांगितला?"

"मला काय कळतंय त्यातलं!"

"सगला कळतंय तुमाला." ती म्हणाली. "तिनं तिथं कायमचा रावाचे कागद केलेत. मला महिन्यापूर्वीच बोलली. तुमाला सांगाचा धीर नाय झाला तिला. बोलली, मी स्की विकत घेईन, बाबांना आपोआप कळंल."

आधी मला दोघींचा राग आला. मायलेकी महिनाभर गुपित धरून बसल्या आणि मी खुळ्यासारखा भाड्याचा हिशोब लावत राहिलो. मग राग ओसरला आणि नुसतं दुःख उरलं. आपल्याला सांगायला मुलगी घाबरते, याचं दुःख सगळ्यात जास्त होतं.

मी फोन लावला. ती अजून दुकानातच होती, दोन्ही जोड्या तशाच भिंतीला टेकवलेल्या.

"आखूड घे. वाकणारी," मी म्हणालो. "मघाशी मी तुला मुद्दाम चुकीचं सांगितलं."

"माहितीय," ती म्हणाली. "कावडीची काठी बघायला तुमीच शिकवलंत ना."

"मग कळत होतं तर आखूड घेतली का नाय?"

"तुमी म्हणायची वाट बघत होते."

मी तिला म्हटलं, दुकानदाराकडे फोन दे. ती नको नको म्हणत होती, पण दिला. दाढीवाला, गोरा, माझ्या मुलीच्याच वयाचा कुणीतरी समोर आला. मला इंग्रजी बोलता येत नाही. मी हात जोडले. लग्नात लेक सासरी निघते तेव्हा बाप नव्या माणसांना जे म्हणतो, तेच माझ्या तोंडून निघालं.

"पोर तुमच्या पदरात घातलीय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या."

तो हसला आणि अंगठा दाखवला. मग वळून त्यानं मुलीला विचारलं, मी काय म्हणालो म्हणून. तिनं त्याला काहीच सांगितलं नाही. फोन तिच्या हातात कसातरी उलटा झाला, दुकानाचं छत दिसायला लागलं आणि तिच्या रडण्याचा आवाज येत राहिला. मीही फोन बंद केला नाही.