‘होता’ म्हटलं की उभं राहायचं

आमच्या कथावर्गात लिहिलेल्या गोष्टींपेक्षा वर्गाच्याच गोष्टी जास्त साचल्या आहेत. भेटेल त्याला सांगते, तरी संपत नाहीत!

दिल्लीत शिकून अमरावतीला परतले, तेव्हा डोक्यात चित्र पक्कं होतं. कॉलेजची मुलं येतील, मी त्यांना कथेतला भूतकाळ शिकवीन, वऱ्हाडात नवं लेखन उभं राहील! राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासची वरची खोली रविवारपुरती मिळाली. आणि आले कोण? मूर्तिजापूरचे रिटायर्ड रेल्वेवाले गवई काका, नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातला सुपरवायझर प्रशांत आणि बाजारात फुलं विकणाऱ्या सुमनताई. आणखी चारपाच जण यायचे, पण चहाच्या वेळेला.

पहिल्याच रविवारी मी फळ्यावर लिहिलं, ‘कथा घडून गेलेली असते.’

काकांनी हात वर केला. “मॅडम, माह्या गोष्टीतलं भांडण अजून चालूच हाय. मिटेपर्यंत थांबू का?”

•

प्रशांतनं प्रेमकथा आणली. भूतकाळ अगदी चोख!

“१०.४० ला ती आली. हसली. इन्चार्जला कळवले. ११.०५ ला गेली. पुढील कार्यवाही बाकी.”

“अरे, ही प्रेमकथा आहे ना?”

“मॅडम, बारा वर्षांपासून मशीनचं रजिस्टर भरून राहिलो. हात तिकडंच वळते.”

काका म्हणाले, “ते ठीक हाय. पण पोरगी हसली हे इन्चार्जले काहून कळवलं बे?”

“तो भाऊ हाय ना तिचा!”

•

माझा एक नियम होता, दिल्लीहून आणलेला. गोष्ट वाचून झाली की लेखकानं पाच मिनिटं एक शब्द बोलायचा नाही. गोष्टच बोलली पाहिजे!

काकांनी मित्रावर लिहिलं. “बबन उंच होता. जिना चढताना गाणं म्हणायचा. असा माणूस पुन्हा झाला नाही.” वही मिटली.

सुमनताईंनी डोळे पुसले. प्रशांत उठून उभा राहिला, मग सगळेच उठलो. दोन मिनिटांची श्रद्धांजली. काकाही गंभीर चेहऱ्यानं उभे!

तेवढ्यात जिन्यावरून गाणं ऐकू आलं. एक उंच गृहस्थ दारात थबकले. “गवई, गाडीची वेळ झाली. कोण गेलं बाप्पा?”

काकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. पाच मिनिटं पूर्ण होऊ दिली आणि म्हणाले, “तू.”

•

सुमनताईंची गोष्ट मात्र पुढे सरकेना. ती लेकीची गोष्ट होती. चार वर्षांपूर्वी आईच्या मनाविरुद्ध लग्न करून लेक अकोल्याला गेली, तेव्हापासून बोलणं बंद. ताईंची पानंच्या पानं अशी: “ती सकाळी ओट्यावर बसायची. मोगरा नको म्हणायची. वेणीत शेवंतीच मागायची.”

मी लाल पेन घेऊन बसले. “ताई, नुसतं ‘यायची, जायची’ लिहून कथा पुढे कशी जाईल? एका दिवशी काय झालं, ते लिहा.”

“एका दिवशी म्हटलं का मले एकच दिवस आठवते, मॅडम. पोरगी गेली तो.”

तरी माझा हट्ट! वर्गाचं पुस्तक छापायला गेलं होतं, फक्त त्यांचाच शेवट बाकी होता. शेवटी मीच तो लिहिला, “लेक निघून गेली. पुन्हा आली नाही.” आणि छापखान्यात पाठवून दिला. ताई वाचून एवढंच म्हणाल्या, “तुमी शिकलेल्या. बरोबरच असन.”

•

गवई काकांनी अकोल्याच्या एका वाचनालयात आमचं वाचन ठरवलं. शनिवारची दुपार. ताई आपल्याच वहीतून वाचायला उभ्या राहिल्या. ओटा झाला, मोगरा झाला. “वेणीत शेवंतीच मागायची,” म्हणाल्या आणि पान उलटलं.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “मागायची काहून म्हणतं वं माय? मले आजई शेवंतीच लागते!”

मी गवई काकांकडे पाहिलं. ते छताचा पंखा पाहत होते.

वही मिटून ताई खाली बसल्या. नियम त्यांना पाठ होता. पाच मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. लेक पुढे येऊन शेजारी बसली, तरी नाही!

परतीच्या गाडीत आम्ही एक जण कमी होतो.

सोमवारी सकाळी मी छापखान्यात फोन केला. “सुमनताईंच्या गोष्टीतल्या शेवटच्या दोन ओळी काढा.”

“मॅडम, मग गोष्ट अर्धीच राहते. दुसरा शेवट कधी देता?”

“ताई अकोल्याहून आल्या की विचारते.”