बदामाच्या पानांचे जोडे

माझी लेक कोकणात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दिवाळीत मी अंगणात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ती मला आपल्याकडं घेऊन आली. हाड जुळलं. माघात मी गावी जायचं काढलं, तर ती आडवी आली.

"आता तिथं एकटी नाही राहाचं, माय. घराले कुलूप लाव."

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याहून झरीकडे जाताना लागतं. घरात मी एकटीच. बांधावर तीन मोहाची झाडं आहेत. फुलं गळायला लागली की पहाटे टोपली घेऊन तिथं मी उभी पाहिजे, दुसरं कोणी नाही. मी हट्ट सोडला नाही. शेवटी तिनं अट घातली.

"समुद्राकाठी सुरूची बाग हाय. एकटी जा, फिर, खा, झोप. बसनं जा, बसनं ये. फोन न करता पाचच्या आत घरी आली, तर तुह्यं तिकीट काढू. नाही तर इथंच राहाशीन."

मी भाकर, ठेचा आणि काठी घेऊन निघाले.

सुरूच्या झाडाला पान म्हणावं असं काही नसतं. नुसत्या सुया. पत्रावळ होत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. पण सावली चांगली आणि खाली सुयांची गादी. आमच्याकडं जंगलात जायचं ते सरपणाला, तेंदूच्या पानाला, मोहाला. रिकाम्या हातानं झाडाखाली बसायची ही माझी पहिलीच वेळ. तासभर हातांना काय करावं कळेना. मग सवय झाली. समुद्र मोठा आहे हे खरं, पण प्यायला कामाचा नाही. मी पाण्यात पाय बुडवले, जेवले आणि सावलीत झोपले.

चूक झाली ती इथं. चपला मी पाण्याजवळच ठेवल्या होत्या. नदीवर आम्ही तसंच करतो. वाळू ओली दिसली, मी म्हटलं पाणी मागं गेलं. आमच्या नदीचं पाणी माघात मागं गेलं की आषाढापर्यंत परत येत नाही.

उठले तर चपलांच्या जागी समुद्र.

बागेचा राखणदार आला. "आजी, भरती आली. पाण्याजवळ चपला ठेवतं का कोणी?"

"आमच्याकडं सारेच ठेवतात."

"तुमच्याकडं म्हणजे कुठं?"

"यवतमाळ."

"मग बरोबर आहे," म्हणून तो हसला. "घरी फोन लावून देऊ?"

"फोनचं नाव काढू नको!"

त्यानं आपले बूट देऊ केले. त्याच्या एका बुटात माझे दोन्ही पाय मावले असते. अनवाणी जावं तर वाटेवर सुरूची काटेरी फळं, पुढं तापलेली सडक. बसथांबा लांब. मी काठीला धरून उभी राहिले आणि खरं सांगते, तेव्हा मला घराचं कुलूप दिसलं.

फाटकाजवळ बदामाचं झाड होतं. पानं हाताएवढी, जाड, लाल होऊन खाली पडलेली. लहानपणी तेंदूच्या हंगामात पाय भाजू नये म्हणून माझी माय पळसाची पानं पायाला बांधायची. पानं बांधायला म्हणून मी वाळूवरची वेल ओढायला गेले, तर राखणदार ओरडला, "वेल नको तोडू आजी, ती वाळू धरून ठेवते!" त्याचं बरोबर होतं. मी पदराची किनार फाडली. तळव्याखाली चार-चार पानं घेऊन बांधली, पिशवीत आणखी भरून घेतली.

"आजी, हे टिकणार का?"

"हे फाटले तर दुसरे. झाड काय मापं घेते?"

दोनदा पानं बदलली. बसमध्ये लोकांनी पाहिलं, मीही त्यांच्याकडं पाहिलं. पाचला दहा कमी असताना दारात उभी राहिले.

लेकीनं पाय पाहिले. "चपला कुठी हायेत?"

"समुद्रानं नेल्या. पाण्याजवळ ठेवल्या होत्या. चूक माहीच."

"मंग फोन काहून नाही केला?"

"तूच तर नाही म्हटलं होतं."

ती खाली बसली, किनार सोडली, तळवे उलटेपालटे करून पाहिले. नर्सच ती. एक ओरखडा होता, बाकी काही नाही. मग तिनं पानं हातात घेतली.

"हे कोणी शिकवलं तुले?"

"तुह्या आजीनं."

तिला हसू आलं. मग डोळे पुसून उठली. "चाल, चप्पल घेऊ. गावच्या काळ्या ढेकळात टिकन अशी पाहू, इथल्यासारखी नाजूक नको."

मी पिशवीतली उरलेली पानं काढून पुन्हा बांधायला घेतली. दुकान दोन गल्ल्या लांब होतं.