पत्रक माझं, ओळख तिची

चेन्नईत नुंगंबाक्कममधल्या त्या जपानी रामेनच्या हॉटेलाबाहेर आम्ही दोघी बसलो होतो. बसलो होतो, हे मुद्दाम सांगते. वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांना गुबगुबीत स्टुलं, आणि दारात नंबर पुकारणारी पोरगी उभी. याच गोष्टीसाठी आम्ही वर्षभर पत्रकं वाटतोय: दुकानात, हॉटेलात राबणाऱ्या बायकांना बसायला जागा द्या. कायदा झाला, स्टूल कुठंय?

ते वाक्य माझं. सगळीच वाक्यं माझी. मी मराठीत लिहिते, मैत्रीण त्याचं तमिळ करते आणि दुकानोदुकानी वाटते. ती तंजावरकडच्या मराठी घरातली, पिढ्यानपिढ्या इकडचीच. मराठी बोलताना मध्येच ‘अंमळ’ म्हणते, ‘गं’च्या जागी तमिळ ‘डी’ लावते, आणि तमिळ बोलायला लागली की बसचा कंडक्टरही तिकिटं फाडायचं थांबतो. मी सोलापूरहून नोकरीला आलेली. माझं तमिळ ऐकून भाजीवाली हसते.

पत्रकावर कुणाचंही नाव छापायचं नाही, हा आमच्या गटाचा नियम. तो भांडून मंजूर करून घेतला मीच. नावं आली की पुढारी तयार होतात, असं तेव्हा ठणकावून सांगितलं होतं.

रविवारी तिरुवल्लिकेणीत सभा होती. गटातर्फे एकीनंच बोलायचं, आणि कुणी ते आम्ही दोघींनी ठरवायचं होतं. त्यासाठी ही रामेनची टूम. मला बोलायचं होतं. भाषण तमिळमध्ये घोटून घोटून पाठ करायची तयारी होती माझी.

आत जागा मिळाली. वाफाळते वाडगे आले. माझ्या काड्यांमधून शेवया सुळकन निसटत होत्या. तिच्या काड्या अशा चालत होत्या, जणू बाई ओसाकात वाढली. हेही हिला येतं!

“रस्सम बरं आहे,” ती भुरका मारत म्हणाली. “मिरी कमी.”

“रविवारचं बोलू या?”

“अंमळ खाऊ दे डी.”

एवढ्यात वाढणारी मुलगी पाण्याचा जग घेऊन आली आणि थबकली. “अक्का! तुम्हीच ना पत्रक दिलेलं?” तमिळमध्ये ती भडाभडा बोलत सुटली. पत्रक म्हणे आत भिंतीला चिकटवलंय. शेवटची ओळ तर पोरींना पाठ आहे. तिनं ती म्हणूनही दाखवली. माझी ओळ, हिच्या तमिळमध्ये, आणि डोळे सगळे हिच्याकडे.

मी मैत्रिणीकडे पाहिलं. सांग ना! एक वाक्य तर सांगायचंय.

तिनं सांगितलं, नाही असं नाही. “हिनं लिहिलंय ते. मी नुसतं तमिळ केलं.”

मुलगी माझ्याकडे वळून छान हसली. लग्नात नवरीच्या लांबच्या मावशीकडे बघून हसतात तसं. मला वाटलं, हीच संधी. मी माझ्या तमिळमध्ये विचारलं, मालक बसू देतात का, किती तास उभं राहता, तक्रार केली का? तिनं घाईघाईनं माझा ग्लास भरला. मालक चांगले आहेत, म्हणाली. मग मैत्रिणीच्या कानाशी वाकून काहीतरी कुजबुजली. दोघी हसल्या. जाताना म्हणाली, “रविवारी आम्ही खोलीवरच्या सगळ्याजणी येतोय अक्का, तुमचं ऐकायला.”

झालं. ठरवायचं काय राहिलं होतं?

“काय म्हणाली कानात?” मी विचारलं.

“तुझी मैत्रीण इन्स्पेक्टर आहे का म्हणाली.”

“आणि तू हसलीस?”

“हसू आलं, हसले.” तिनं वाडगा खाली ठेवला. “एय, रविवारी तूच बोल. मी शेजारी उभी राहते. अडलीस तर सांगते.”

हे जास्त झोंबलं. भीक घालावी तसं पद देतेय! आणि ती अगदी मनापासून म्हणत होती, त्यामुळे धड भांडताही येईना.

“नको. त्या तुला ऐकायला येतायत. तू बोल. भाषण मी लिहून देते.”

“लिहिलेलं मला वाचता येत नाही डी उभ्यानं. मी आपली बोलते.”

म्हणजे तेही गेलं. एक ओळसुद्धा माझी असणार नव्हती.

“बरं,” मी म्हणाले.

“रागावलीस?”

“जळतेय.”

“येशील ना पण?”

“येईन. खुर्च्या मांडीन, पत्रकं वाटीन. टाळ्या मात्र माझ्याकडून मागू नकोस.”